सुरकुतलेलं बी

त्र्यंबकच्या श्रावणातल्या फेरीत पहिने गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेला मक्याचं एक वावर लागलं, तिथे कुसाबाई थांबल्या. मागून येणारी माणसं "हर हर महादेव" करत आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकत होती. पाऊस नुकताच उघडला होता, चांगलं ऊन पडलं होतं. कुसाबाईंनी बांधावरून हात लांबवून एक ताट वाकवलं, त्याचा तुरा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर दोनदा झटकला आणि तळवा माझ्या तोंडासमोर धरला.

"बघ. पडलं का काही?"

"पडलंय, मावशी. हळदीच्या चिमटीएवढं."

त्यांनी तळवा लुगड्याला पुसला. "म्हंजी उघडला. हितं उघडला तर चंदरचाबी उघडला असंल. त्यानं तर आधी पेरलेला." आणि मग, "आते काय करू व माय!"

कुसाबाई देवळ्याकडच्या. लग्नानंतर चाळीसच्या वर वर्षं नाशिक रोडला गेली, तरी जीव घाबरला की माहेरची अहिराणी तोंडात यायची. एरवी त्या आमच्यासारखंच बोलत.

चंदर म्हणजे आमच्या कॉलनीमागचा गोठेवाला. कुसाबाईंच्या परसाच्या भिंतीपलीकडचा दीड-दोन गुंठ्यांचा मोकळा प्लॉट त्याने आदल्या वर्षी घेतला होता आणि म्हशींच्या चाऱ्यासाठी त्यात मका पेरला होता. भिंतीच्या अलीकडे कुसाबाईंचा मका. हा चाऱ्याचा नव्हे, गोड मका, त्यांच्या आईकडून आलेला. चंदरच्या तुऱ्यांची भुकटी वाऱ्याने या कणसांवर पडली की दाणे बिघडतात आणि ते दाणे पेरले की पुढे गोडी जाते. तुरे उघडायच्या आत, रविवारी सगळा मका कापतो असं चंदरने कबूल केलं होतं. पण शनिवारपासून पाऊस धरला. रविवारी दुपारी आम्ही त्र्यंबकच्या एसटीत बसलो तेव्हा मका उभाच होता. "पाऊस थांबला की लगेच," असं त्याने गोठ्यातूनच ओरडून सांगितलं होतं.

कुसाबाईंच्या परसात एकोणतीस ताटं होती. त्या वाणाचं जगात तेवढंच उरलं होतं म्हटलं तरी चालेल, कारण देवळ्याच्या घरी भावांनी कधीच कांदा धरला आणि गोड मका बंद केला. एकोणतीसच का उरली, याला कारण मी होते. म्हणून तर बीसाठी त्यांनी अनवाणी फेरीचा नवस बोलला तेव्हा मीही बरोबर निघाले.

"मागं फिरू," कुसाबाई म्हणाल्या.

"फेरी अर्धी सोडायची?"

"महादेव कुठं जात नाय. वारा जातो."

मला ते पटेना. अर्धी टाकलेली प्रदक्षिणा बरी नव्हे असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण त्यांच्याशी वाद घालायची छाती होईना. मी नुसतीच डोंगराकडे बघत राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं ते बोलून गेले. "मावशी, आपण डोंगराला वळसा घालतोय. निम्म्यावर आलोय. मागं फिरलो काय, पुढं गेलो काय, तेवढंच चालायचंय."

त्यांनी एकदा डोंगराकडे पाहिलं. मग हसल्या. "शाळेत गेलेली हायेस खरी. मग पुढंच चल. पण पाय उचल."

आणि त्या जे निघाल्या ते मला धापच लागली. बासष्ट वर्षांची बाई, पोटात सोमवारचा उपास, त्यात साखरेचा आजार. वाटेत मंडळाची पोरं चहा देत होती, तिथेही थांबल्या नाहीत.

मी लग्न होऊन कॉलनीत आले ती नव्वद साली. घराला घर लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. आल्यावर चार-पाच दिवसांत या बाई भिंतीपलीकडून विचारतात, "काय गं नव्या सूनबाई, तुमच्या बंबाला रोज धूर असतो का?" मला वाटलं, धुराचा त्रास होतो म्हणून भांडायला आल्या. मी म्हटलं, सासूबाईंना सांगून बंब हलवते. तर त्या म्हणाल्या, "हलवू नको बाई! मला त्यावर कणसं टांगायचीत."

त्यांच्या आईने लग्नात ओटीत नारळाशेजारी एक वाळलेलं कणीस घातलं होतं. सासरी ते पेरलं. सहादूभाऊ, त्यांचे मालक, प्रेसमध्ये लागले, क्वार्टर मिळालं, तिथे डब्यात पेरलं. पुढे हे बैठं घर बांधलं, तेव्हा परसात मका आधी लागला आणि तुळस नंतर. सहादूभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मी नोटा छापतो, ही कणसं छापते. हिच्याच मालाला जास्त गिऱ्हाईक." गिऱ्हाईक कसलं, सगळी कणसं गल्लीत वाटूनच संपायची. बियांची तेवढी पाल्यासकट चुलीवर टांगायची, धुराने कीड लागत नाही. गॅस आला, चूल गेली, आणि पहिल्याच वर्षी निम्म्या बियाला भुंगा लागला. तेव्हापासून त्या धूर शोधत होत्या.

दहा वर्षं त्यांची कणसं आमच्या बंबावर टांगली गेली. सहादूभाऊ वारले त्या साली दिवसकार्य झालं आणि दुसऱ्या दिवशी त्या भिंतीशी येऊन म्हणाल्या, "कणसं खाली काढू नको गं. मी हाय." काजळी बसू नये म्हणून कणसांचा पाला कधी काढत नसत. दिवाळी झाली की घरी नेऊन त्या सोलत आणि बी निवडत. म्हणजे दहा वर्षांत मी ती कणसं कोवळी खाल्ली होती, पण वाळलेला दाणा कधी निरखून बघितला नव्हता.

दोन हजार सालच्या दिवाळीत त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाला त्यांना चांदवडला जावं लागलं. जाताना मला म्हणाल्या, "यंदा बी तूच सोल आणि निवड. चांगलं चांगलं तेवढं घे." एवढंच बोलल्या.

मी मन लावून बसले. प्रत्येक कणसात दोन तऱ्हेचे दाणे होते. काही टपोरे, गुळगुळीत, चकचकीत. काही आक्रसलेले, सुरकुतलेले. माझ्या आईने मला शिकवलंय की बी घ्यावं भरलेलं. मी टपोरे दाणे राखेत घोळून डब्यात भरले. सुरकुतलेले पोचट समजून ज्वारीत मिसळले आणि गिरणीत दिले. आठ दिवस भाकरी गोड लागत होती. घरात सगळे विचारायचे, ज्वारी कुठली आणली?

जूनमध्ये कुसाबाईंनी पेरायला डबा उघडला. मी भिंतीशीच होते. दोन दाणे तोंडात टाकले, जिभेवर फिरवले आणि हातावर परत काढले.

"हाई मनं बी नई शे," त्या म्हणाल्या. हे माझं बी नाही.

गोड मक्याचा दाणा वाळला की सुरकुततो. तेच त्याचं खरं रूप. टपोरे दाणे होते ते चंदरच्या मक्याने बिघडवलेले. मी निवडून निवडून खोटं बी ठेवलं होतं आणि खऱ्याची भाकरी करून खाल्ली होती.

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरात आले, देवापुढे उभी राहिले, काय मागावं तेही सुचेना. मग बंब पेटवायला गेले आणि सहज वर पाहिलं, तर धुराड्याच्या मागच्या खिळ्याला एक कणीस अडकून राहिलेलं. काळं, अर्धं उंदराने खाल्लेलं. त्यावर चौतीस सुरकुतलेले दाणे निघाले. उगवले एकोणतीस.

फेरीत हे सगळं माझ्या डोक्यात घोळत होतं. कुसाबाई पुढे, मी मागे. एका ओढ्यापाशी काळ्या ओल्या दगडावर मला लाल ठसा दिसला. पुढच्या दगडावर पुन्हा. मी धावत जाऊन त्यांना धरलं आणि पाय उचलायला लावला. उजव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात काच घुसली होती. चांगली नखाएवढी.

"मावशी! दुखत नाही?"

"काय दुखत नाय?"

त्यांना कळलंच नव्हतं. मी काच ओढून काढली तरी त्या रस्त्याकडेच बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पायाचं दोन वर्षं झालं कळत नाय. साखरेनं. आता हाताच्या बोटांनाबी कळंना झालंय."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. याच बोटांनी त्या बी निवडत. जवळचं त्यांना कधीच नीट दिसायचं नाही, चष्मा त्या लावत नसत, पण गप्पा मारता मारता थाळीतले दाणे बोटांनी चाचपून बाजूला काढत.

"म्हणून गेल्या वर्षी मला निवडायला सांगितलंत?"

"मला वाटलं, सुरकुती तुला दिसंलच की. चांदवडचं निमित्त झालं, बरं झालं म्हटलं." बोटं चोळत म्हणाल्या, "चांगलं म्हंजी कोणतं, ते सांगाया पाहिजे व्हतं. पण मग तू म्हणली असतीस, तुम्हीच का नाय निवडत? बी राखणारीची बोटं गेली, हे कोणाला सांगू?"

मी माझा स्कार्फ फाडून पाय बांधला. चप्पल त्यांनी घातली नाही. नवस अनवाणी होता.

नाशिक रोडला पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायला अजून वेळ होता. कुसाबाई घरात न जाता सरळ परसात गेल्या. भिंतीपलीकडे चंदरचा मका उभा होता. तुरे उघडलेले. अलीकडे त्यांच्या सहा ताटांवर कणसाचे केस बाहेर आलेले, पांढुरके, ओलसर. त्या केसांना त्या जावळ म्हणायच्या.

"ह्या सहांना लाल दोरा बांध," त्या म्हणाल्या. "ही खायची. बी नाय धरायचं." बाकीच्यांचं जावळ अजून आत होतं. दुसऱ्या दिवशी, फार तर परवा निघणार होतं.

चंदर म्हशीचं दूध काढून उठत होता. कुसाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "काय रे, रविवार कधी उगवतो तुझा?"

"मावशी, चिखलात कसा कापू? ओला चारा ढीग मारला की सडतो. परवा बघू."

"परवा माझं श्राद्ध घाल मग."

"आता तुमच्या एकोणतीस ताटांसाठी माझ्या म्हशींनी उपाशी राहायचं का? त्यांना कुठं श्रावण लागलाय?"

तेवढ्यात कुसाबाईंचा मुलगा नवनाथ ड्यूटीवरून आला. तो म्हणाला, "आई, बाजारात अमेरिकन मका आलाय. पाहिजे तेवढा आणून देतो. त्या बिचाऱ्याला कशाला छळते?"

"तुझ्या अमेरिकेला म्हणावं, घरचं बी धरून दुसऱ्या वर्षी पेरून बघ. तेच कणीस येतंय का ते मला दाखव." नवनाथ पाय धुवायला गेला. कुसाबाई पुन्हा चंदरकडे वळल्या. "कापू नको. नुसते तुरे मोडू दे. ताटाला धक्का लावत नाय. तुरेबी तुझ्याच म्हशींम्होरं टाकते."

चंदरने त्यांच्या पायाला बांधलेल्या, लाल झालेल्या फडक्याकडे बघितलं. "या पायानं?"

"तुरे काय पायानं मोडते मी?"

तो दुधाची बादली उचलून आत गेला. ते होकारासारखंच होतं.

मंगळवारी फटफटायला आम्ही भिंत ओलांडली. पानांवर दव होतं. तुरा ओला आहे तोवर भुकटी उडत नाही, ऊन लागलं की सुटते. म्हणजे आमच्या हातात फार तर तीन तास होते. आणि ताटं दाट, डोक्यावर उंच, हजाराच्या वर नक्की. वाकवायचं, मोडायचं, कमरेच्या झोळीत टाकायचं. पानांच्या कडांनी हात चिरत होते. कुसाबाई भिंतीकडच्या ओळी घेऊन चालल्या होत्या. थोड्या वेळाने मी त्यांच्या मागच्या ओळीत गेले आणि पाहिलं तर तीन-चार ताटांआड एक तुरा तसाच. त्यांच्या हाताला ताट लागत होतं, तुरा सुटला की हातात आला ते समजत नव्हतं.

मी सांगितलं नाही. त्यांच्या मागून चालत राहिलेले मोडत गेले.

पण त्यांना कळलंच. "राहिलेत ना गं?"

"दोन-चार."

"खोटं बोलू नको. आज मंगळवार हाय."

"बरेच राहिलेत, मावशी."

त्या ओळीतच उभ्या राहिल्या. पूर्वेच्या बाजूने ढग फाटला आणि उन्हाचा पट्टा प्लॉटच्या त्या टोकाला पडला. निम्मं रान बाकी होतं. मी मनात नामस्मरण करत होते, पण हात थांबवून नाही. तेवढ्यात भिंतीवर बसून मिश्री लावणारा चंदर चूळ भरून खाली उतरला. काठीला विळा बांधून घेऊन आला आणि उन्हाच्या बाजूने तुरे खाली पाडायला लागला.

"मावशी, तुम्ही बाहेर या. तुम्ही मोडताय कमी आणि माझा चारा तुडवताय जास्त."

कुसाबाई बाहेर आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या बीसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नुसतं बघण्याचं काम केलं असेल. शेवटचे तुरे पडले तेव्हा पानं वाळत आली होती. चंदरच्या काठीवर, माझ्या हातावर थोडी पिवळी भुकटी होतीच. कुसाबाईंनी दोघांनाही हात-पाय धुतल्याशिवाय भिंतीजवळ येऊ दिलं नाही.

त्याच दुपारी त्यांच्या मक्याचं जावळ निघालं.

डॉक्टरकडे मात्र त्या गुरुवारी गेल्या, तेही मी आणि नवनाथने रिक्षात बसवलं म्हणून. आधी तुरे, मग पाय, असंच त्यांचं चाललं होतं. गौरी आल्या तेव्हा पाय मोठ्या बँडेजमध्ये, खुर्चीवर ठेवलेला. लाल दोऱ्याची कणसं कोवळी भरली होती. ती गौरीपुढे ठेवायची का, अशी मला शंका आली; बिघडलेलं कणीस देवीला कसं चालेल? मी विचारलं.

"गौर काय पेरणार हाय? तिला खायचंय," कुसाबाई म्हणाल्या.

पितृपंधरवड्यात त्यांच्या पायाची ती दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यातून आल्यावर मला पहिलं विचारलं ते, "बंब रोज पेटवतेस ना?"

दिवाळीनंतर मी तेवीस कणसं त्यांच्या पलंगाशी घेऊन बसले. पहिल्या कणसाचा पाला सोलला. आत सगळे दाणे आक्रसलेले, सुरकुतलेले, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे. दुसऱ्यातही तसेच. तिसऱ्यात एक टपोरा. मी एकेक दाणा बघून वेगळा करत होते, आणि कुसाबाई दाण्यांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेवीस कणसांत मिळून अकरा टपोरे दाणे निघाले.

"अकराच?"

"अकराच, मावशी. दोनदा बघितलं."

"बंबात टाक ते."

सुरकुतलेलं बी मी राखेत घोळलं, बरणीत भरलं आणि बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण उघडून आत हात घातला. बराच वेळ बोटं आत फिरवत राहिल्या. मग एक दाणा उचलून जिभेवर ठेवला, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं. झाकण लावून त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली.

"हे तुझ्याकडं ठेव. पुढच्या साली तुझ्या परसात लाव. ओळीत नको, चौकोनात लाव. आणि चंदरनं पेरल्यावर वीस दिवसांनी पेर, म्हंजी त्याचा तुरा झडल्यावर तुझा येईल. माझी माय असंच करायची. मीच यंदा घाई केली, बी हातातनं जाईल म्हणून."

"तुम्ही सांगाल तसं लावू की दोघी मिळून."

"तेच नको." त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. किती घट्ट, ते त्यांना कळत नसणार. "ऐक मनीषा. माझ्या बोटांना कळत नाय, पण मला कळतं असं मला अजून वाटतंच. जून आला की मी भिंतीशी येईन. मूठभर बी दे म्हणंन. तू नाय म्हणलीस तर रडंन, शिव्या दीन, तू माझ्या बीची भाकरी खाल्लीस असंबी बोलंन. तरी तू मला देऊ नको. एक दाणासुदिक नको."

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.